चांदीच्या भावात गेलेलं १९१६ चं डाइम

हे प्रकरण मी जुळवलेलं आहे. जुन्या नाण्यांच्या स्वस्त ट्रेभोवती जे वारंवार घडतं, तेच एका दुकानात आणि तीन माणसांत बसवलंय. त्यातलं नाणं, त्याचे आकडे आणि पुढे येणारे न्यायालयांचे निकाल मात्र खरे आहेत.

एका नाणेविक्रेत्याच्या काउंटरवर झिजलेल्या चांदीच्या नाण्यांचा ट्रे असतो. बहुतेक अमेरिकन डाइम, म्हणजे दहा सेंटची नाणी, आणि तीही नव्वद टक्के चांदीच्या काळातली. एका नाण्याचं वजन अडीच ग्रॅम, त्यात चांदी सव्वादोन ग्रॅम. सगळ्यांना एकच दर, त्या दिवसाच्या चांदीच्या भावाहून थोडा वर. ट्रेवर चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘निवडून घ्या. घेतलेला माल परत नाही.’

नेहमीचं गिऱ्हाईक असलेला एक संग्राहक ट्रेसमोर बसतो. १९१६ सालाची नाणी तेवढी बाजूला काढतो आणि एकेक उलटं करून भिंगाखाली धरतो. त्यातल्या एकावर, मागच्या बाजूला, त्याला एक बारीक ‘डी’ दिसतो. तो काही बोलत नाही. आणखी दहाबारा नाणी उचलतो, ते नाणं त्यांच्या मध्ये ठेवतो आणि मूठ काउंटरवर रिकामी करतो. दुकानदार नग मोजतो, पैसे घेतो.

निघता निघता संग्राहक सहज विचारतो, “काका, हा माल येतो कुठून?”

“गेल्या आठवड्यात एक बाई वडिलांचा डबा घेऊन आल्या होत्या. तोलला, पैसे दिले. अर्धा डबा अजून आत तसाच आहे.”

“आत काय काय आहे ते पाहिलं होतंत?”

“पाहायचंय काय त्यात? चांदी म्हणून आणला, चांदी म्हणून घेतला.”

नाणं तपासणीसाठी प्रमाणन कंपनीकडे जातं आणि अस्सल ठरून परत येतं. दर्जा खालचा, झीज भरपूर, तरी किंमत मोजलेल्या पैशांच्या साधारण शंभर पट. आणि त्या दिवसापासून संग्राहकाला चैन पडत नाही. गंमत म्हणजे त्याची अस्वस्थता दुकानदाराबद्दल आहे: ‘आपण काकांना फसवलं का?’ मला वाटतं, प्रश्न बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे.

नाणं

हे डाइम ‘मर्क्युरी’ म्हणून ओळखलं जातं. खरं तर त्यावर रोमन देव मर्क्युरी नाही, पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता आहे. शिल्पकार अॅडॉल्फ वाइनमन. लोकांनी पंख पाहिले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. हा छाप १९१६ ते १९४५ चालला. पहिल्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत २,२१,८०,०८० नाणी पडली, सॅन फ्रान्सिस्कोत १,०४,५०,००० आणि डेन्व्हरमध्ये फक्त २,६४,०००. डेन्व्हरला डाइम थांबवून पाव डॉलरची नाणी पाडायला सांगितलं गेलं होतं, म्हणून हा आकडा एवढा लहान. म्हणजे त्या वर्षीची या छापाची सव्वाशे नाणी घेतली तर सरासरी एक डेन्व्हरचं.

साल पुढच्या बाजूला, चेहऱ्याजवळ असतं. टांकसाळीचं चिन्ह (डेन्व्हरचा ‘डी’, सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’, फिलाडेल्फियाचं काहीच नाही) मात्र मागे, तिथे कोरलेल्या काठ्यांच्या मोळीच्या बुडाशी, ‘वन’ शब्दाच्या शेवटच्या अक्षराला लागून. नाणी चेहरा वर करून पसरली तर १९१६ ची सगळी एकसारखीच दिसतात. स्वस्त ढिगात हे नाणं राहून जातं ते याच साध्या कारणाने. कुणीतरी साल पाहिलेलं असतं, पण नाणं उलटलेलं नसतं.

आणि हेच नाणं भेसळीसाठीही बदनाम आहे. फिलाडेल्फियाच्या बिनचिन्हाच्या नाण्यावर ‘डी’ चिकटवायचा, किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एस’ला कोरून ‘डी’ करायचा, असे उद्योग कित्येक दशकं चालत आले आहेत. जाणकार ‘डी’चा आकार पाहतात: खरा ‘डी’ ठेंगणा, पोटातली पोकळी त्रिकोणाकडे झुकणारी. शिवाय डेन्व्हरने त्या वर्षी मागच्या बाजूचे फक्त चार साचे वापरले, त्यामुळे चिन्ह चार ठरावीक जागांपैकी एका जागीच असायला हवं. ट्रेसमोर बसलेल्या माणसाला हे सगळं माहीत होतं. त्याचं ज्ञान फुकट आलेलं नव्हतं, हे पुढचा हिशोब करताना विसरून चालणार नाही.

ट्रेपाशी

आधी संग्राहक आणि दुकानदार यांच्यातलं पाहू, कारण ते सोपं आहे.

इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरोने कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जवळजवळ हेच प्रकरण आहे. एकजण सोनं विकतोय, पण त्याला वाटतंय ते पितळ आहे. सज्जन माणसाने त्याला ‘अहो, हे सोनं आहे’ असं सांगावं, की हजार दिनारांचा ऐवज एका दिनाराला घ्यावा? त्याच ग्रंथात बॅबिलोनचा डायोजिनिस आणि टार्ससचा अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद येतो. डायोजिनिस म्हणतो, गप्प बसणं वेगळं आणि लपवणं वेगळं. अँटिपेटर म्हणतो, समोरच्याला जे कळणं त्याच्या हिताचं आहे ते सांगायलाच हवं. सिसेरोचा कल अँटिपेटरकडे.

मी या एका ट्रेपुरता डायोजिनिसच्या बाजूने आहे, आणि कारण आहे ती चिठ्ठी. ‘निवडून घ्या’ असं लिहिणारा व्यापारी तुम्हाला निवडीचं आमंत्रण देतोय. एकेक नाणं तपासायला लागणारा वेळ त्याला परवडत नाही, म्हणून तो सगळ्यांना एक दर लावतो आणि तपासण्याचं काम गिऱ्हाइकावर सोपवतो. दरात चांदीच्या भावावरची जी थोडी भर आहे ती याच मोकळिकीची. निवडू द्यायचं नसेल तर व्यापारी तसं सांगतात, नाहीतर बंद थैली वजनावर देतात. (‘न तपासलेल्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बंद थैल्या बहुतेक वेळा कुणीतरी आधीच चाळलेल्या असतात, पण तो वेगळा विषय.) अमेरिकन करारकायद्यातही अशा माणसासाठी नियम आहे: आपल्याला पुरेशी माहिती नाही हे ठाऊक असूनही जो तेवढ्यावरच व्यवहार करतो, चुकीची जोखीम त्याची.

त्या नियमाचं ठळक उदाहरण अॅरिझोनातलं आहे. एका मृत व्यक्तीच्या मालमत्तेच्या विक्रीत दोन चित्रं ६० डॉलरला गेली. पुढे ती नामांकित चित्रकाराची निघाली आणि लिलावात १०,७२,००० डॉलरला विकली गेली. मालमत्तेच्या वतीने दावा झाला. २००० साली न्यायालयाने विक्री कायम ठेवली, कारण मूल्यांकन करणाऱ्या बाईंनी आपल्याला चित्रकलेतलं कळत नाही असं आधीच सांगितलं होतं आणि तरीही दुसऱ्या कुणाला दाखवलं गेलं नव्हतं. त्याहून जुना निकाल विस्कॉन्सिनचा, १८८५ चा. एका बाईंनी सापडलेला खडा जवाहिऱ्याला एका डॉलरला विकला. खडा काय आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. तो न कापलेला हिरा निघाला, किंमत सुमारे ७०० डॉलर. तिथेही विक्री टिकली.

या निकालांचा आधार घेताना एक फरक मात्र झाकता कामा नये. अॅरिझोनातल्या खरेदीदाराला आणि विस्कॉन्सिनच्या जवाहिऱ्याला आपण काय घेतोय हे कळलेलं नव्हतं. आपल्या संग्राहकाला पक्कं कळलेलं होतं. म्हणून त्याची बाजू त्यांच्याइतकी भक्कम नाही. ती उभी आहे ती समोरचा माणूस स्वतः याच धंद्यातला आहे आणि त्याने डोळे उघडे ठेवून ‘निवडा’ म्हटलंय, एवढ्यावरच.

मग नाणं मुठीच्या मधोमध ठेवणं? मला ते आवडलं नाही, पण मी त्याला खोटं म्हणणार नाही. दुकानदार नग मोजत होता, नाणी पाहत नव्हता. हवं असतं तर प्रत्येक नाणं उलटून पाहायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. रेषा ओलांडली गेली असती ती वेगळ्या ठिकाणी. ‘हे फारच झिजलंय, याचे कमी करा’ असं म्हणाला असता तर. किंवा दुकानदाराने ‘काही सापडलं का?’ विचारल्यावर ‘छे, नेहमीचंच’ म्हणाला असता तर. मालाबद्दल तोंड उघडायचं तर खरं बोलायचं. उघडायचं नसेल तर गप्प राहण्याची मुभा या ट्रेपाशी आहे.

उलट बाजूही तपासून पाहावी. समजा ‘डी’ चिकटवलेला निघाला असता. ‘माल परत नाही’ असं लिहिलेल्या ट्रेतलं एका नगाच्या दराचं नाणं घेऊन तो भांडायला गेला असता का? नाही. बनावटीची जोखीम त्याने घेतली, तर लाभही त्याचा. न्यू जर्सीत १९७९ साली नेमकं याच नाण्याचं प्रकरण न्यायालयात गेलं होतं. एका नाणेव्यापाऱ्याने १९१६ चं डेन्व्हरचं डाइम स्वतः पारखून ५०० डॉलरला घेतलं. पुढे ७०० डॉलरचा गिऱ्हाईक मिळाला, पण अट होती प्रमाणपत्राची, आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने ‘डी’ बनावट ठरवला. व्यापारी पैसे परत मागायला गेला. विकणाऱ्याचं म्हणणं, धंद्याच्या रिवाजाप्रमाणे पारखणाऱ्याचीच जबाबदारी. अपील न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला: नाणं अस्सल आहे असं दोघेही धरून चालले होते, ते चुकलं, व्यवहार रद्द. ट्रेतला व्यवहार असा नव्हता. तिथे कुणीच काहीच धरून चाललेलं नव्हतं, दर चांदीचा होता.

तेव्हा ट्रेपाशी संग्राहकाचं देणं नाही. पुन्हा त्याच दुकानात बसायचं असेल तर सांगून टाकलेलं बरं, पण तो संबंधांचा भाग झाला.

डबा

आता त्या बाई.

त्यांनी कुठलीही चिठ्ठी लावली नव्हती. ‘माझ्या डब्यातून निवडून घ्या’ असं त्यांनी कुणाला म्हटलं नव्हतं. वडिलांची नाणी घेऊन त्या सोनाराकडे किंवा भंगारवाल्याकडे गेल्या नाहीत, नाण्यांच्या दुकानात गेल्या. का गेल्या असतील? तिथल्या माणसाला नाण्यांतलं कळतं म्हणून. दुकानाच्या पाटीवर ‘नाणी’ लिहिलेलं असतं, काचेखाली एकेक नाणं सालासकट मांडलेलं असतं, आणि मग आपला डबा तराजूवर चढतो तेव्हा साध्या माणसाला वाटतं, यात काही असतं तर यांनी सांगितलं असतं. दुकानदार काही बोलला नाही, पण त्याच्या तोलण्यातून बाईंना एक निकाल मिळाला: ही नुसती चांदी आहे. तो निकाल न पाहता दिलेला होता.

दुकानदाराचा बचाव मला ऐकू येतो, आणि तो पोकळ नाही. त्याने लपवलं काहीच नाही, कारण त्यालाच माहीत नव्हतं. विस्कॉन्सिनच्या जवाहिऱ्यासारखंच. न्यायालयात हा व्यवहार बहुधा टिकेल. बाईंनी स्वतःच चांदी म्हणून विकायला आणला म्हटल्यावर अॅरिझोनाचा निकाल त्यांच्याविरुद्धच जातो. आणि प्रत्येक डबा भिंगाखाली घालायचा तर वजनावरची खरेदी बंदच करावी लागेल.

पण तेवढं कुणी मागत नाहीये. मर्क्युरी डाइममध्ये झिजलेल्या अवस्थेतही भाव खाणारी वर्षं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. १९१६ चं डेन्व्हर. १९२१ ची दोन्ही टांकसाळींची: फिलाडेल्फिया १२,३०,००० आणि डेन्व्हर १०,८०,०००. आणि १९४२ ची ती दोन, फिलाडेल्फियाचं आणि डेन्व्हरचं, ज्यांत ४१ वर ४२ ठसलेलं दिसतं. ही यादी त्या दुकानदाराला झोपेतही सांगता येईल. डबाभर डाइमवरून सालांसाठी नजर फिरवणं हे चहा गार होण्याआधी संपणारं काम आहे. न पाहण्याची किंमत तो स्वतः भरत असेल, जशी ट्रेपाशी भरली, तर त्याचा तो हक्क आहे. इथे ती किंमत बाईंनी भरली, आणि आपण ती भरतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

यातली खरी मेख मला अशी दिसते. दुकानदाराने डबा पाहिला असता, नाणं ओळखलं असतं आणि तरी चांदीचाच भाव दिला असता, तर आपण सगळ्यांनी त्याला लुबाडणारा म्हटलं असतं. त्याने पाहिलंच नाही म्हणून तो स्वच्छ. म्हणजे कळणाऱ्या माणसाला न पाहणंच सोयीचं ठरतं. विकणाऱ्याच्या हातात दोन्ही वेळा तेवढेच पैसे पडतात. धंदा म्हणून जो ज्ञान विकतो, त्याला अनभिज्ञ माणसाकडून खरेदी करताना अज्ञानाची ढाल घेता येऊ नये, असं माझं मत आहे. कायदा एवढं मागत नाही, हे मला मान्य आहे.

पुढे काय केलं

संग्राहक प्रमाणपत्रासकट दुकानात गेला आणि सगळं सांगितलं. दुकानदार खळखळून हसला. पैसे पुढे केले तर त्याने हात मागे घेतला. “ट्रे माझा, डोळे तुझे. मी निवड म्हणालो, तू निवडलंस.” बाईंचा विषय निघाल्यावर मात्र हसू गेलं. “मग उद्यापासून डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी शिकवणी देऊ?”

खरेदीच्या नोंदवहीत बाईंचा फोन नंबर होता. लावायचा की नाही यावर दोघांचं बराच वेळ चाललं. दुकानदाराची भीती वाजवी होती: एकदा फोन केला की आजवरचा प्रत्येक डबावाला दारात उभा राहील. संग्राहकाने तेव्हा जे विचारलं, त्याने मामला हलला. तेच नाणं बाईंनी एकटं आणून काउंटरवर ठेवलं असतं, तर काकांनी काय दिलं असतं? दुकानदाराने आकडा सांगितला. किरकोळ किमतीच्या निम्म्याहून थोडा जास्त, धंद्याचा नफा वगळून. हाच आकडा बाईंना मिळायला हवा होता, यावर मग वाद उरला नाही. वाद राहिला तो कुणी किती द्यायचे याचा.

चूक दुकानदाराची आणि लाभ संग्राहकाकडे, अशी ही अडचण आहे. दुकानदाराला त्या नाण्यावर मिळालं ते चांदीच्या भावावरचं चिल्लर. शेवटी दुकानदाराने सगळ्या डब्यावरचा नफा दिला आणि उरलेली, म्हणजे जवळजवळ सगळीच, रक्कम संग्राहकाने घातली. तरीही त्याच्या हातात किमतीचा मोठा भाग राहिला. शोधण्याची, ओळखण्याची आणि बनावट निघण्याची जोखीम घेण्याची ती मजुरी म्हणून मला रास्त वाटते. दुकानदार स्वस्तात सुटला, हेही मला वाटतं. सिसेरोनेच सांगितलेल्या स्केव्होला या रोमन कायदेपंडिताची इथे आठवण होते. जमीन विकणाऱ्याने किंमत सांगितल्यावर, ‘माझ्या मते ती जास्त मोलाची आहे’ म्हणून त्याने आपण होऊन एक लाख सेस्टर्स वाढवून दिले. लोक काय म्हणाले, तर माणूस सज्जन खरा, पण शहाणा नव्हे. संग्राहकाच्या मित्रमंडळींनी त्याला याहून फार वेगळं काही ऐकवलं नाही.

बाईंनी पैसे घेतले. आभार मानण्याआधी त्यांनी विचारलं, “आणि डब्यातलं बाकीचं?” आत ठेवलेला अर्धा डबा त्यांच्यासमोर उघडला गेला. १९१६ ची काही निघाली, सगळी बिनचिन्हाची. १९२१ चं एक निघालं, फिलाडेल्फियाचं. त्याचा वेगळा भाव ठरला. ट्रेमध्ये आधीच ओतलेला भाग इतर गिऱ्हाइकांनी थोडाथोडा नेला होता. त्याच्या पावत्यांवर नगांची संख्या आहे, साल नाही.

आता डबा आला की दुकानदार ठरावीक सालं काढून वेगळी तोलतो. संग्राहकावर मात्र तो थोडा खट्टू आहे. “तुझ्याच सांगण्यावरून मी डबे चाळायला लागलो. आता ट्रेत तुला काय सापडणार?” पूर्वीइतकं सापडत नाही, हे खरंच आहे. पण दुकानदाराची यादी सालांची आहे, आणि १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डाइमांत काहींवर नेहमीपेक्षा लहान ‘एस’ असतो. तो एकेक नाणं उलटून, शेजारी मोठ्या ‘एस’चं नाणं ठेवून ताडावा लागतो, आणि मिळणारा फायदा त्या तासांच्या मानाने बेताचाच असतो. संग्राहक सध्या तेच शोधत बसतो, आणि सापडलं तर काकांना पैसे देण्याआधी दाखवतो.